बारा पानांची उजवी बाजू

माझं पहिलं बाळंतपण निपाणीला माहेरी झालं. त्या दिवसांची एक वही माझ्याकडे अजून आहे. तिच्यात ना डोहाळ्यांबद्दल काही आहे, ना बाळाबद्दल. तिच्यात आकडे आहेत. पान नंबर एक, आठवडा पहिला, डावी बाजू इतके चौक, उजवी बाजू इतके. असे दहा आठवडे. पुढे जे लिहिते आहे त्यातले आकडे त्या वहीतले आहेत, बाकीचं आठवणीतलं. दोन्हींत फरक पडला तर वहीवर विश्वास ठेवावा.

ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं झाली होती. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि लग्न होऊन वडगावात एका विणकर घरात आले होते. घरी दोन माग. ते माझे यजमान चालवत. सासरे स्वतः मागावर फारसे बसत नसत. ते नक्षी काढायचे. साडीच्या काठावर आणि पदरावर जी वेलबुट्टी येते ती आधी चौकटीच्या कागदावर उतरवावी लागते, एक चौक म्हणजे एक धागा. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात आणि ती कार्डं मागावर चढवतात. वडगाव-शहापूरच्या कितीतरी मागांवर त्यांची नक्षी विणली गेली असेल. सगळे त्यांना आप्पा म्हणत, मीही आप्पाच म्हणत असे.

मी लग्न होऊन आले तोवर हे काम थांबत आलं होतं. बाहेरगावाहून भोकं पाडलेली तयार कार्डं यायला लागली होती. ती स्वस्त होती आणि लगेच मिळत. आप्पांना कुणी बोलवेना. ते दिवसभर चष्मा लावून बायकांबरोबर कांड्या भरत, म्हणजे मागासाठी कांडीवर सूत गुंडाळत बसत. चाळीस वर्षं नक्षी काढलेल्या माणसाला हे करताना बघणं बरं वाटत नसे. पण घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं, आणि मी तर नवी सून.

अशात एक दिवस धारवाडच्या विद्यापीठातल्या एक मॅडम, आमच्या साड्या जिथे विकायला जात त्या दुकानात, साडी घ्यायला आल्या. वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. घरची भाषा कन्नड, पण मराठी चांगलं बोलायच्या, फक्त सावकाश. भिंतीवर आप्पांचा जुना नक्षीकागद लावलेला होता. साड्या बाजूला ठेवून त्या तो कागदच बघत राहिल्या. त्या वर्षी विद्यापीठात एक योजना निघाली होती. शास्त्राच्या प्रत्येक विभागाने हंगामभर एक कलाकार पाहुणा म्हणून ठेवायचा, त्याला राहायला खोली द्यायची, आणि दोघांनी मिळून काम करायचं. बाकीच्या विभागांनी शहरातले शिकलेले चित्रकार बोलावले. मॅडमनी आप्पांना विचारलं.

त्यांचं काम तंबाखूच्या पानावरच्या ठिपक्यांचं होतं. हा रोग पानावर दर आठवड्याला किती पसरतो ते त्यांना मोजायचं होतं. पान तोडायचं नाही, झाडावरच ठेवायचं, आणि तेच पान दर आठवड्याला पुन्हा काढायचं. फोटोत ठिपक्याची कड नीट येत नव्हती. चौकटीच्या कागदावर पान खऱ्या मापाचं उतरलं तर ठिपक्यांखालचे चौक मोजून क्षेत्रफळ मिळणार होतं. आप्पांना यातलं क्षेत्रफळ समजलं की नाही कुणास ठाऊक, चौकटी मात्र पुरत्या समजल्या.

शेत निपाणीहून कोगनोळीकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. तिथे एक पत्र्याची खोली, एक टेबल, एक खाट. दसरा झाल्यावर आप्पा तिथे राहायला गेले. जाण्याआधी त्यांनी गल्लीत घरोघरी सांगितलं की विद्यापीठानं बोलावलंय. परीटघडीचं धोतर नेसून ते एस.टी.त बसले. त्याच आठवड्यात मला सातवा लागला आणि मी निपाणीला माहेरी आले.

म्हणजे सासरा आणि सून एकाच गावाच्या अंगाला. पण व्याह्याच्या घरी मुक्काम करणं आप्पांना पटणारं नव्हतं. आईनं निरोप पाठवला तरी ते आले नाहीत. मग असं ठरलं की दुपारचा डबा आमच्याकडून जाईल. डबा माझे वडील सायकलवरून नेत. वडील तंबाखूच्या वखारीत तोलाईचं काम करायचे, वखार त्याच रस्त्याला. येताना ते आप्पांनी काढलेले कागद घेऊन येत आणि मी चौक मोजून देत असे. हे मोजायचं काम मॅडमनीच मला दिलं होतं. विभागात एवढं बारीक मोजायला कुणी मोकळं नव्हतं, आणि मी घरात बसून कंटाळले होते. आईच्या मते तंबाखूच्या शेतात पोटुशीनं जाऊ नये, त्यामुळे ती पानं मी एकदाही बघितली नव्हती. मला फक्त कागद दिसायचे.

वडील आणि आप्पा यांची पहिल्या आठवड्यातच दोस्ती झाली. व्याही असल्यामुळे एकमेकांना टोचून बोलायचा दोघांना हक्कच होता. वडील घरी येऊन सगळं सांगत. तुमच्या चित्रातली तंबाखू ओढली तर ठसका लागंल का, असं त्यांनी विचारलं होतं. आप्पा म्हणाले होते, तुम्ही आयुष्यभर तोललीसा, पण पान कसं असतंय ते सांगा बघू. वडिलांना सांगता आलं नव्हतं, आणि हे त्यांनी स्वतःच हसत सांगितलं.

बारा पानं निवडली होती. बारा झाडांवरचं एकेक पान, प्रत्येकाच्या देठाला आप्पांनी घरून आणलेल्या रेशमी धाग्याची गाठ मारलेली, प्रत्येकाचा रंग वेगळा. दिवसाला दोन पानं, आठवड्याला बारा कागद. शनिवारी मॅडम धारवाडहून यायच्या, कागद बघायच्या. देठाकडून डावीकडचे पहिले पाच ठिपके त्या पट्टीने ताडून घ्यायच्या आणि दर वेळी ते बरोबर निघायचे. ठिपक्याची कड, आतला राखाडी रंग, भोवतीचं कडं, सगळं जसंच्या तसं. इतकं स्वच्छ काम आजवर कुणी करून दिलं नव्हतं असं त्या म्हणाल्या. हे वाक्य आप्पांनी वडिलांना सांगितलं, वडिलांनी मला, आणि मी पत्रातून यजमानांना. वडगावात ते गल्लीभर झालं.

मोजताना मी माझी एक पद्धत ठेवली होती. मधल्या शिरेची डावी बाजू वेगळी मोजायची, उजवी वेगळी, मग बेरीज. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की दोन्ही बाजू सारख्या येतात. अठ्ठावीस आणि अठ्ठावीस. चौतीस आणि चौतीस. मला याचा आनंदच झाला. आपलं मोजणं बरोबर असल्याचा हा पडताळाच मिळाला असं मी धरलं. तिसऱ्या आठवड्यात पान नंबर चारला डावीकडे एकशे एकतीस आले आणि उजवीकडे एकशे अठ्ठावीस. पुन्हा मोजलं तर उजवीकडचे तीन चौक माझ्याकडूनच राहिले होते. वहीत तिथे खाडाखोड आहे. गणित शिकलेल्या बाईने झाडाचं पान दोन्हीकडे चौकाचौकानं सारखं कसं, असं स्वतःला विचारायला हवं होतं. सहा आठवडे मी ते विचारलं नाही.

सहाव्या आठवड्याचे बारा कागद काढून झाले, तोच वारं सुटलं आणि सात नंबरचं पान देठाशी मोडलं. आदल्या दिवशीच ते काढून झालं होतं. आता झाडावर ठेवून उपयोग नव्हता, म्हणून आप्पांनी ते वर्तमानपत्रात घडी करून वडिलांबरोबर माझ्याकडे पाठवलं. पोरीला म्हणावं, मोजतीस ते कसं असतंय ते एकदा बघ.

मी पान कागदाशेजारी ठेवलं. डाव्या बाजूला कागदावर एकतीस ठिपके होते, पानावरही एकतीस. जागा त्याच, आकार तेच. बघून मला अभिमान वाटला. मग उजवी बाजू. कागदावर एकतीस. पानावर बारा. मी पुन्हा मोजले, बाराच. आणि ते बारासुद्धा भलत्या जागी होते.

मग मी वहीची सगळी पानं उलटली. बारा पानं, सहा आठवडे, बहात्तर कागद. बहात्तर वेळा डावी बाजू उजवीइतकी.

हे कसं झालं ते कळायला मला वेळ लागला नाही, कारण मी विणकराच्या घरात एक वर्ष काढलं होतं. काठावरची कोयरी किंवा पदरावरचं फूल नक्षी काढणारा अर्धंच काढतो. दुसरी अर्धी बाजू मागाच्या दोऱ्यांच्या बांधणीतून आपोआप उलटी उतरते. पूर्ण नक्षी कागदावर दाखवायची झालीच तर मधल्या रेघेपर्यंत बघून काढायची आणि पुढचं चौक मोजून उलटं उतरवायचं. चाळीस वर्षं आप्पांची नजर मधल्या रेघेपाशी थांबत आली होती. त्यांनी तंबाखूचं पानही तसंच काढलं होतं. त्यात लबाडी नव्हती. त्यांच्या हाताला पान असंच माहीत होतं.

वडील शेजारी बसून चहा पीत होते. मी त्यांना दाखवलं. त्यांनी पान उलटसुलट करून बघितलं.

"पान म्हंजे काय साडीचा काठ हाय व्हय, दोन्हीकडं सारखा यायला," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "मॅडमला कळलं तर त्येंला घरला लावून देतील."

"कळायला पायजे की."

"तुला तिथं नांदायचंय. बाळंत होऊन जा, मग बघ."

वडिलांचं चुकत नव्हतं. आप्पा अर्ध्यावर परत आले असते तर गल्लीनं काय म्हटलं असतं ते मला दिसत होतं. सगळ्या गल्लीला सांगून गेलेला माणूस पुन्हा कांड्या भरायला बसला असता, आणि या वेळी मान खाली घालून. उलट, मी गप्प बसले असते तर मॅडमची सगळी बेरीज खोटी राहणार होती, आणि ती बेरीज माझ्या अक्षरात होती. पहिल्या तीन आठवड्यांचे आकडे त्यांनी त्यांच्या मार्गदर्शकांना कळवलेही होते. शनिवार दोन दिवसांवर होता.

सासऱ्यासमोर उभं राहून तुमची चूक झाली म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. मी एक कागद घेतला आणि दोन रकाने आखले. डावी, उजवी. सात नंबरचे सहाही आठवडे लिहिले. खाली एक ओळ: मोडलेलं पान, ठिपके, डावी ३१, उजवी १२. दुसरं काही लिहिलं नाही. कागद डब्याच्या वरच्या पुडात भाकरीवर ठेवला आणि झाकण लावलं. वडिलांनी बघितलं आणि डबा कॅरिअरला लावून गेले.

त्या दिवशी चार वाजता आप्पा आमच्या दारात उभे होते. वडिलांच्या सायकलवर मागे बसून आले होते. व्याह्याच्या घरात त्यांचं हे पहिलं पाऊल. आई गडबडून पाणी घेऊन आली, पाट मांडला. आप्पा बसले नाहीत. मी डोक्यावरचा पदर नीट करून दाराच्या आत उभी होते.

"ते पान कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मी पान आणून दिलं. त्यांनी चष्मा पुसला, पान उजेडाला धरलं आणि उजवी बाजू बोटानं मोजली. ओठ हलत होते. बारापाशी थांबले.

"मी हिकडं बघितलंच न्हाय गं," ते म्हणाले. "सहा आठवडं रोज त्येच्यासमोर बसलो, आणि हिकडं बघितलंच न्हाय."

"मलाबी उशिरा कळलं, आप्पा. दोन्ही आकडं सारखं आलं की मला बरंच वाटायचं."

त्यांनी पान पुन्हा वर्तमानपत्रात घडी केलं. मग वडिलांना म्हणाले, "व्याही, तुमची पोरगी तोलाईत चांगली तयार केलीसा."

वडील म्हणाले, "काटा आमचा, पर माल तुमचा."

यावर आप्पा हसले. मग बसले, चहा घेतला, आणि जाताना मला सांगून गेले की शनिवारी मॅडमना ते स्वतः सांगतील, मी मध्ये बोलायचं नाही.

शनिवारी मी आईला न जुमानता टांग्यातून शेतावर गेले. मॅडम खुर्चीत बसायच्या आत आप्पांनी बहात्तर कागदांचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला.

"मॅडम, ह्यातलं अर्धं मी बघून काढलंय, अर्धं न बघता. डावी बाजू खरी. उजवी माझ्या हाताची खोड हाय. मी उद्याच्या गाडीनं जातो."

मॅडमना पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्यांनी मोडलेलं पान मागून घेतलं, कागदावर ठेवलं आणि डाव्या बाजूचा एकेक ठिपका पट्टीने ताडला. एकतीसच्या एकतीस. यात चांगला अर्धा तास गेला असेल. आम्ही सगळे उभेच होतो. त्यांचा चेहरा उतरलेला होता. सरांना पत्र लिहावं लागणार, असं त्या स्वतःशीच कन्नडमध्ये म्हणाल्या. ते आम्हाला कळलं. इकडे कन्नड कुणाला कळत नाही असं नाही.

मग त्या म्हणाल्या, "आप्पा, मला अर्धं खरं पान मिळालं आहे, तेवढं मला पुरेल. ठिपके किती वेगानं वाढतात ते अर्ध्या पानावरही दिसतं. पण उजवी बाजू आता माझ्या कामात येता कामा नये. आणि तुम्ही जायचं नाही. पानं अजून चार आठवडे उभी आहेत."

"मी पुन्यांदा तसंच काढलं तर?"

"सूनबाई मोजतील. दोन्ही बाजू सारख्या आल्या तर मला कळवतील."

मला त्या क्षणी हसू आलं. आतापर्यंत मी जो पडताळा समजत होते तो आता चुकीची खूण ठरणार होता.

आप्पांनी टेबलाशी बसून एकेक कागद मधल्या शिरेवर घडी घातला, उजवी बाजू मागे. खोडरबर घेतलं नाही, कात्री घेतली नाही. बहात्तर कागदांना बहात्तर घड्या. नख फिरवून घडी बसवायची त्यांची पद्धत होती, तशीच. मॅडम म्हणाल्या, हे मी करते. आप्पांनी ऐकलं नाही.

पुढचे चार आठवडे ते उजवी बाजू आधी काढत. बारातलं एक पान गेल्यामुळे अकरा राहिली होती, चार आठवड्यांचे चव्वेचाळीस कागद. त्यातल्या एकाही कागदावर दोन्ही बाजू सारख्या नाहीत. चार पानांवर उजवी बाजू जड आहे, बाकीच्या सातांवर डावी. असं का, ते मॅडमना त्या वर्षी सांगता आलं नाही, आणि सांगता येत नाही असं त्यांनी लिहिलंही. त्यांच्या मार्गदर्शकांनी पहिल्या पत्रावरून त्यांना बरंच सुनावलं, असं त्यांनी पुढे एकदा सांगितलं. आम्हाला त्याची झळ लागू दिली नाही. पुढे त्यांचा लेख छापून आला तेव्हा त्यात स्पष्ट लिहिलं होतं की पहिले सहा आठवडे फक्त डाव्या बाजूची मोजणी धरली आहे. खाली आभारात आप्पांचं नाव होतं आणि मोजणीसाठी माझं. माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदा तिथे बघितलं.

तंबाखूची काढणी सुरू झाली त्या आठवड्यात मला मुलगी झाली. आप्पा बघायला आले. त्यांनी बाळाचा एक हात उघडून बघितला, मग दुसरा. आईनं विचारलं, काय बघता. ते म्हणाले, दोन्हीकडचं बघून घ्यायला शिकलोय.

वडगावात परतल्यावर गल्लीला ही गोष्ट आप्पांनी स्वतःच सांगितली, न लपवता आणि पुष्कळदा. विद्यापीठात जाऊन मी अर्धंच पान काढून आलो, असं सुरू करायचे. लोक हसत, तेही हसत. दुसऱ्या कुणाला ते सांगायची वेळ त्यांनी येऊच दिली नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांनी एक नक्षी काढली. पदरावर तंबाखूचं एक मोठं पान, सात नंबरचं. ते वर्तमानपत्रातलं वाळकं पान त्यांनी जपून ठेवलं होतं. दोन्ही बाजू वेगळ्या असल्यामुळे नेहमीची बांधणी चालणार नव्हती. माझ्या यजमानांनी एका मागाचे सगळे दोरे सोडून नव्यानं बांधले, आठ दिवस माग बंद ठेवून. ते कुरकुरले, पण बांधले. अशी एकच साडी निघाली. मग दोरे पुन्हा पहिल्यासारखे बांधले, कारण असला पदर विकत कोण घेणार.

बाहेरच्या तयार कार्डांपुढे आप्पांचं काम पुढेही फारसं आलं नाही, हे खरं ते लिहायला हवं. पण ते कांड्या भरायला पुन्हा बसले नाहीत. मॅडम आणखी दोन हंगाम त्यांना बोलावत राहिल्या आणि ते जात राहिले.

त्या दोघांनी मला जे दिलं ते मी पुढे रोजच्या संसारात वापरलं. हिशेब लगेच जुळला की मी थांबते आणि पुन्हा बघते. आणि चूक सापडली की सांगते, कारण सांगितल्यावर काय होतं ते मी त्या पत्र्याच्या खोलीत बघितलं आहे.

साडी माझ्याकडे आहे. मुलीच्या लग्नात नेसले होते. एका बाईनं पदर हातात घेऊन म्हटलं की विणताना चुकलंय वाटतं, पान एका बाजूला भरलंय आणि एका बाजूला रिकामं. मी म्हटलं, मोजून बघा. तिनं काही मोजलं नाही. डावीकडे एकतीस आहेत, उजवीकडे बारा.